वादळाचं शीड आणि कोटाचं बटण

"आणि वादळ आलं, तर?"

एवढंच विचारलं बाईंनी. तेही इस्त्री करता करता, मान वर न करता. पण त्या एका प्रश्नानं पुढं काय काय झालं म्हणता! अख्ख्या इमारतीचे टीव्ही बंद पडले, मेव्हण्याचं कोपर सोलवटलं, सेक्रेटरींचा आवडता पायजमा शेजारच्या इमारतीवर जाऊन बसला, आणि बंदर खात्याच्या एका निरीक्षकाला आयुष्यात पहिल्यांदा गच्चीवर चढून बोटीचं शीड तपासावं लागलं.

प्रश्न ज्यांना विचारला ते क्लेमसाहेब. विमा कंपनीच्या दावे विभागात सगळी नोकरी काढली, म्हणून इमारतीत त्यांना हेच नाव पडलं. समोरच्याला 'आग लागली तर?', 'छप्पर कोसळलं तर?' असं विचारून घाम फोडणं हा त्यांचा रोजचा धंदा. आज तोच प्रश्न घरातून त्यांच्यावरच उलटून आला. विचारणाऱ्या बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. मेट्रनबाई जिन्यात दिसल्या की इमारतीतली माणसं शिंकसुद्धा गिळून टाकायची, कारण शिंकलं की "रुमाल कुठाय?" हे ठरलेलं.

विषय होता बोटीचा. क्लेमसाहेबांनी निवृत्तीनंतर एक शिडाची जुनी बोट घेतली होती. दोन बाकं, एक शेगडी, एक डोलकाठी, आणि उभं राहिलं की डोकं आपटेल एवढं छप्पर. ती कोणाकडून घेतली आणि का घेतली हे सांगत बसलो तर बोट धक्क्यावरून सुटायचीच नाही, तेव्हा ते राहू दे. बेत असा होता की बोटीनं निघायचं आणि दोन दिवसांनी खाडीपलीकडच्या बेटावर, लेकीच्या दारात उतरायचं. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अहो बाबा, सकाळची फेरीबोट आहे की! दुपारी जेवायला पोचाल."

आता लेकीला कसं सांगायचं? मेट्रनबाईंची रात्रपाळी आणि क्लेमसाहेबांची दिवसपाळी. सगळ्या संसारात नवराबायकोची भेट व्हायची ती दारात, किल्ली एकमेकांच्या हातात देण्यापुरती. एक आत, एक बाहेर. प्रवाससुद्धा असाच. लग्नाला जायचं तर हे आदल्या दिवशी, त्या अक्षता पडल्यावर. कुठं म्हणून एकत्र गेले नाहीत हो! क्लेमसाहेबांना आता एकदा तरी एकाच वाहनात, एकाच वेळी, एकाच ठिकाणी जायचं होतं, आणि जरा सावकाश जायचं होतं. एवढीच त्यांची हौस. पण हे तोंडानं बोलून दाखवायची सवय नव्हती, म्हणून ते वाऱ्याबद्दल बोलत.

इस्त्री उभी ठेवून मेट्रनबाई म्हणाल्या, "वादळात ही बोट कशी सांभाळणार, ते मला दाखवा. पटलं तर येईन. नाही पटलं तर मी फेरीबोटीनं जाते. तुम्ही पोचलात, तर भेटू तिकडंच."

'पोचलात, तर' हे दोन शब्द क्लेमसाहेबांच्या जिव्हारी लागले. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा त्यांना कुतूहलच जास्त वाटलं. वादळ आलं तर खरंच काय करतात? त्यांचा आपला समज होता की वादळ आलं की सगळी शिडं उतरवायची आणि आत जाऊन बसायचं. वाचायला घेतल्यावर कळलं की नुसती डोलकाठी उभी असलेली बोट लाटांवर अशी काही लोळते की आतला माणूस पातेल्यातल्या बटाट्यासारखा चहूबाजूंनी शेकून निघतो. म्हणजे वादळात शीड लागतंच. फक्त लहान लागतं. जेवढा वारा मोठा, तेवढं शीड लहान. हे वाचून क्लेमसाहेब इतके खूश झाले की त्यांनी वारा मोजायचं हातात मावणारं यंत्र विकत आणलं आणि घरातला पंखा पाचावर ठेवून मोजला. मग गच्चीवरचा मोजला, जिन्यातला मोजला, आणि एकदा इमारतीचे सेक्रेटरी पार्किंगवरून ताडताड बोलत होते तेव्हा त्यांच्या तोंडासमोर धरून तोही मोजला. तेव्हापासून सेक्रेटरींनी मनात अढी धरली, ती पुढं महागात पडली.

सल्ला द्यायला पहिला आला मेव्हणा. हा मेट्रनबाईंचा धाकटा भाऊ. याला न येणारा विषय अजून निर्माण व्हायचाय. आयुष्यात एकदा कोणाच्या तरी बोटीवर वाढदिवसाला गेला होता, तेवढ्यावर तो दर्यावर्दी झाला.

"भाऊजी, तुम्ही उगाच डोकं शिणवताय," तो सोफ्यावर पाय पसरून म्हणाला. "तुमचं पुढचं मोठं शीड गुंडाळता येतं ना? खिडकीच्या पडद्यासारखं? मग वादळ आलं की अर्धं गुंडाळायचं! पाऊण गुंडाळायचं! हाय काय नि नाय काय!"

"पण अर्धं गुंडाळल्यावर उरलेल्या शिडाला फुगा येत असेल ना रे?" क्लेमसाहेबांनी विचारलं. "म्हणजे, मला आपलं वाटतं. पडदा अर्धा गुंडाळला की मध्ये पोटाड येतं तसं?"

"भाऊजी, पडदा वेगळा आणि शीड वेगळं."

"आत्ता तूच म्हणालास ना, पडद्यासारखं?"

मेव्हण्यानं चहा मागितला. वादात अडकला की तो चहा मागतो.

शेवटी क्लेमसाहेब शिडवाल्याकडे गेले. बंदरामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर त्याचा कारखाना. एक लांबच लांब खोली आणि आरशासारखी गुळगुळीत लाकडी जमीन. जमिनीत खड्डे केलेले, खड्ड्यात शिलाईयंत्रं बसवलेली, आणि शिवणारी माणसं जमिनीच्या पातळीला बसून कापड पुढं सरकवतायत. खुर्ची नावाला नाही. दारात बूट काढायचे, आणि गिऱ्हाइकानंही फतकल मारून बसायचं. क्लेमसाहेबांचे गुडघे कटकन वाजले, तशी दोन माणसांनी यंत्रं थांबवून वर पाहिलं.

शिडवाला भलताच बोलघेवडा आणि त्यातून खवट. वस्तू विकायची इच्छाच नाही अशा थाटात तो प्रश्न विचारायचा.

"वादळाचं शीड पाहिजे? बरं. वादळात बोट पुढं न्यायचीय, की थांबवायचीय?"

"थांबवायचीय म्हणजे? शीड लावून थांबवतात?"

"मग! ब्रेक आहे का बोटीला?" शिडवाल्याला गिऱ्हाईक कच्चं आहे हे कळल्याचा आनंद झाला. "पुढं लहानसं जाड शीड लावायचं, ते उलट्या बाजूला ओढून बांधायचं. मागच्या मोठ्या शिडाचा पाऊण भाग खाली घेऊन बांधून टाकायचा, रुमालाएवढं उरू द्यायचं. सुकाणू एका बाजूला बांधायचं. पुढचं शीड म्हणतं इकडे वळ, सुकाणू म्हणतं तिकडे वळ. दोघांच्या ओढाताणीत बोट गप बसते जागच्या जागी."

"आमच्या घरासारखंच आहे की," क्लेमसाहेब म्हणाले.

"मग तुम्हाला जमेल," शिडवाला म्हणाला.

पण क्लेमसाहेबांचं समाधान इतक्यात कसलं होतंय? मागच्या शिडाच्या जागी लावायचं वेगळं वादळी शीड असतं म्हणे, ते घ्यावं का? मागचं शीड फाटलं तर? शीड चढवायची पुढची तार तुटली तर? दोन्ही एकदम झालं तर? शिडवाल्यानं सगळं ऐकून घेतलं, नाक खाजवलं आणि विचारलं, "बोटीवर माणसं किती?"

क्लेमसाहेब खड्ड्यातल्या शिलाईयंत्राकडे बघायला लागले.

"अहो, माणसं किती? एकटे असाल तर मागचंच शीड आखूड करायची सोय वाढवून देतो, बसल्या जागेवरून ओढता येईल. पुढं जाऊ नका, काही लावू नका. हे पुढचं शीड लावायचं तर एकानं हलत्या बोटीवर पुढं जायचं, एकानं मागं सुकाणू धरायचं. दोन माणसं पाहिजेत. तर माणसं किती?"

"म्हणजे... एक. किंवा दोन."

"एक की दोन?"

"ते अजून ठरलेलं नाही."

"मग ठरवून या," शिडवाला म्हणाला आणि कापडाचा गठ्ठा पुढं ओढून कामाला लागला.

क्लेमसाहेब उठायला लागले, गुडघा पुन्हा वाजला, आणि कोण जाणे कशानं, ते अर्धवट उठलेल्या अवस्थेतच म्हणाले, "दोन. दोन माणसं. लिहून घ्या."

ज्यानं उभ्या जन्मात दुसऱ्याचा एक खोटा दावा मंजूर केला नाही, त्यानं स्वतःचा असा बिनपुराव्याचा दावा ठोकून दिला.

शीड आलं ते पिवळ्या पिशवीत. पिशवी उघडली आणि दिवाणखाना नारिंगी झाला. असा भडक नारिंगी रंग, की मेट्रनबाईंनी डोळ्यांवर हात धरला.

"हा रंग कशाला?"

"शोधायला आलेल्यांना लांबून दिसावं म्हणून," क्लेमसाहेबांनी अभिमानानं सांगितलं.

"म्हणजे आपल्याला कोणीतरी शोधायला येणार, हे शिवतानाच धरून चाललेत?"

क्लेमसाहेबांनी शीड पिशवीत कोंबलं.

त्यानंतर बंदर खातं. बंदराच्या भिंतीबाहेर जायचं तर बोटीला प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्रासाठी वादळी शीड निरीक्षकांना चढवून दाखवावं लागतं. निरीक्षक म्हणजे छत्री बाळगणारा, हळू बोलणारा, कशाचीच घाई नसलेला गृहस्थ.

"शीड आहे ना? मग चढवून दाखवा," निरीक्षक म्हणाले.

"आत्ता येता का? बोट समोरच आहे."

"छे छे. बंदरात शीड चढवायला मनाई आहे."

"मग बाहेर जाऊन चढवतो."

"प्रमाणपत्राशिवाय बाहेर जायला मनाई आहे."

क्लेमसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. आपल्या नोकरीत आपण लोकांना असंच तर बोलत होतो, हे त्यांना आठवलं, आणि त्या माणसाबद्दल रागाऐवजी चक्क जिव्हाळाच वाटला. एका मुरलेल्या माणसानं दुसऱ्या मुरलेल्या माणसाला ओळखलं.

"साहेब," त्यांनी विचारलं, "शीड बोटीवरच चढवायचं, असं कुठं लिहिलंय का?"

निरीक्षकांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "तसं कोणी विचारलं नव्हतं."

अशा रीतीनं पुढच्या रविवारी दुपारी निरीक्षक छत्री घेऊन इमारतीच्या गच्चीवर आले. गच्चीच्या मधोमध एक उंच लोखंडी खांब होता, तीच डोलकाठी. त्या खांबावर सगळ्या इमारतीच्या टीव्हीची डिश होती, आणि खाली घरोघरी त्या दिवशी मोसमाचा शेवटचा सामना चालू होता, या दोन गोष्टींचा विचार क्लेमसाहेबांनी केला नाही. वाऱ्याचा मात्र केला होता. यंत्र तीनदा धरून बघितलं होतं.

"भाऊजी, तुम्ही फक्त सांगा, मी ओढतो," मेव्हणा बाह्या सरसावून म्हणाला. मेट्रनबाई टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या. त्या नुसत्या बघत बसल्या की साधी पट्टीसुद्धा उलटी बांधली जाते, हे त्यांच्या हाताखालच्या कुठल्याही नर्सला विचारा.

शीड चढलं. नुसतं चढलं नाही, मोठ्या झोकात चढलं. निरीक्षकांनी मान तिरकी केली. मग छत्री उजव्या हातातून डाव्या हातात घेऊन मान दुसरीकडे तिरकी केली.

"उलटं आहे हो," ते म्हणाले.

तीन कोपऱ्यांचं कापड. टोक वर जायला हवं होतं, तो खालचा कोपरा वर गेला होता. क्लेमसाहेबांचे कान लाल झाले. उतरवलं, फिरवलं, परत चढवलं. आता बाजूचा कोपरा वर. मेव्हणा म्हणाला, "मला वाटतं असंच असतं." तिसऱ्यांदा एकदाचं सरळ चढलं, मेव्हण्यानं दोर मनगटाला गुंडाळून घेतला, आणि नेमका त्याच क्षणी दोन इमारतींच्या मधून असा काही झोत आला!

शीड फट्‌दिशी भरलं. मेव्हणा "भाऊजीऽऽ" करत गच्चीभर घसरत गेला आणि सेक्रेटरींच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरला. दोरी तुटली. चादर मेव्हण्याच्या डोक्यावर, आणि सेक्रेटरींचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा दोन्ही पाय फुगवून ऐटीत निघाला तो थेट पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर. खांब कुरकुरला, हळूच वाकला, आणि डिशनं तोंड फिरवलं. खालून एकदम सगळ्या मजल्यांवरून "अरे!" असा आवाज आला.

मग काय विचारता! गच्चीवर माणसांची रीघ लागली. पहिले पोचले सेक्रेटरी, आणि त्यांचा वारा या वेळी कोणी मोजला नाही.

"गच्ची सामाईक आहे, क्लेमसाहेब! इथं जहाजं आणायची नाहीत!"

"शीड आहे ते, जहाज बंदरात आहे."

"आणि माझा पायजमा कुठाय?"

सगळ्यांनी शेजारच्या इमारतीकडे पाहिलं. बाकीची मंडळी सल्ले द्यायला लागली. एक म्हणाले, शिडाला मध्ये भोक पाडा, म्हणजे वारा निघून जाईल. एक म्हणाले, मोटर असताना शीड लागतंच कशाला. एका आजींनी विचारलं, हा कापडाचा मांडव कोणाच्या लग्नाचा. सामना कोण जिंकलं हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्याचं खापर फुटायला एकच डोकं जवळ होतं.

या सगळ्या गदारोळात निरीक्षक शांतपणे शिडाभोवती फिरले, कोपरे चाचपले, शिवण ओढून पाहिली. "शीड टिकलं," ते म्हणाले. "खांब टिकला नाही. पण खांब आमच्या खात्यात येत नाही." आणि त्यांनी प्रमाणपत्रावर शिक्का मारला.

प्रमाणपत्र मिळालं, पण क्लेमसाहेबांची रया गेली. खांब सरळ करून दिला, सेक्रेटरींना नवा पायजमा नेऊन दिला (पट्टे उभे निघाले, जुन्याचे आडवे होते, त्यावरूनही बोलणी खाल्ली), आणि मग ते शीड मांडीवर घेऊन खिडकीत बसून राहिले. मेट्रनबाई समोर येऊन बसल्या.

"दोन माणसं लागली तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"मेव्हणा धरून दोन. त्याला धरू नये."

"हे शीड एकट्याला लावता येतं?"

"नाही."

"मग कोणासाठी शिवून घेतलंत?"

क्लेमसाहेब कापडाची कड बोटात फिरवत राहिले. "शिडवाल्यानं विचारलं, माणसं किती. एक म्हणालो असतो तर हे मिळालंच नसतं. मी दोन म्हणालो." मग ते पुढं बोलले. "मला एकट्यानं जायचं नाहीये गं. एकट्यानं जायचं तर ऑफिसला काय कमी गेलो? तू फेरीबोटीनं जाणार असलीस तर मीही तिकीट काढतो. बोट देऊन टाकू."

मेट्रनबाई उठल्या, आत गेल्या, आणि बटणांचा डबा घेऊन आल्या. डब्यातून क्लेमसाहेबांच्या जुन्या ऑफिसच्या कोटाचं भलंमोठं तपकिरी बटण काढलं, दाभणात जाड दोरा ओवला, आणि शिडाच्या वरच्या टोकाला ते बटण चांगलं घट्ट शिवून टाकलं. पुढच्या कोपऱ्याला लोकरीची गाठ. मागचा कोपरा मोकळा.

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या.

"आँ?"

"इस्पितळात दिवे गेले की आम्ही सामान चाचपून काढायचो. कपाटात कुठं काय ते हाताला माहीत पाहिजे. वादळात तुमचा चष्मा राहणार आहे का नाकावर? डोळे मिटा. वरचं टोक कुठलं?"

त्या दिवसापासून घरात कवायत सुरू झाली. जेवण झालं की डोळे मिटून पिशवी उघडायची, कोटाचं बटण शोधायचं, गाठ शोधायची, पडद्याच्या दांडीला शीड अडकवायचं. चुकलं की "पुन्हा." नीट झालं तरी "पुन्हा." क्लेमसाहेब चहा मागायला लागले, तर बाई म्हणाल्या, हा माझ्या भावाचा गुण तुम्ही कधी उचललात? पण येते असं एका शब्दानं म्हणाल्या नाहीत. शिकवणं निराळं आणि येणं निराळं. विचारायचा धीर क्लेमसाहेबांना होईना.

शेवटी एक दिवस ठरला. अंदाज बऱ्यापैकी वाऱ्याचा होता. मेट्रनबाई म्हणाल्या, "सकाळी बाहेर नेऊन दाखवा. दुपारी परत. मग सांगते काय ते." मेव्हण्याला विचारलं, तर त्याला नेमकं त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. कुठला दात, हे त्याला सांगता आलं नाही.

बंदराची भिंत ओलांडेपर्यंत सगळं गोडीगुलाबीनं चाललं. पुढं मात्र वाऱ्यानं अंदाज वाचलेला नव्हता हे कळलं. पाण्यावर पांढरे फटकारे उठले, बोट कलली, शेगडीवरची किटली खाली आली. क्लेमसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि संकटात माणूस नको त्याचंच ऐकतो, त्यांनी मेव्हण्याचा सल्ला आठवून पुढचं शीड अर्धं गुंडाळलं. झालं! त्याला असं पोटाड सुटलं की बोट आणखीच आडवी झाली.

"पडद्यासारखंच आहे," मेट्रनबाई कठडा धरून म्हणाल्या. "पुढं काय?"

"पुढं... हे पूर्ण गुंडाळायचं. मागचं आखूड करायचं. मग नारिंगी. तू सुकाणू धर. असं धर. वाऱ्याकडे."

त्यांनी धरलं. कसं धरलं म्हणता! वॉर्डमध्ये डॉक्टरांची फेरी यायची तेव्हा दार धरायच्या, तसं. क्लेमसाहेबांनी पुढचं शीड पुरतं गुंडाळलं, मागचं तिसऱ्या खुणेपर्यंत खाली घेऊन करकचून बांधलं, बाकाखालचं झाकण उघडलं, आणि नारिंगी शिडाच्या पिशवीला हात घालायला गेले तर हाताला काहीतरी टणक लागलं. पिशवीवर एक सुटकेस. अख्खी, भरलेली, पट्टा आवळलेली निळी सुटकेस. शीड तिच्याखाली चेपलेलं.

"अगं, हे काय ठेवलंय इथं? कोणी ठेवलं?" ते वाऱ्यावर ओरडले.

"मी!"

"कधी?"

"काल! तुम्ही पाणी भरायला गेला होतात तेव्हा!"

क्लेमसाहेब गुडघ्यावर बसल्या जागी थबकले. बोट हेलकावली, चष्म्यावर खारं पाणी आलं, पण त्यांचं लक्षच नव्हतं. काल. म्हणजे काही दाखवायच्या आधी. म्हणजे पटायच्या आधीच!

"पण तू तर म्हणालीस, दाखवा, मग सांगते!"

"दाखवा म्हणाले ते म्हणालेच! आधी सांगितलं असतं तर तुम्ही कवायत सोडली असती! आता बघत काय बसलात? सुटकेस बाजूला करा नि शीड काढा!"

सुटकेस बाजूला सरली. क्लेमसाहेब कमरेची दोरी अडकवून बसत, सरकत पुढं गेले. चष्म्यातून काही दिसेना, म्हणून त्यांनी तो काढून खिशात घातला, डोळे मिटले आणि पिशवीत हात घातला. ओल्या कापडाच्या घड्या, घड्या, आणि मग अंगठ्याखाली ते भलंमोठं तपकिरी बटण. ऑफिसला जाताना रोज सकाळी लावलेलं. गाठ खाली, बटण वर. शीड तारेवर चढलं, सरळ, पहिल्या फेरीत सरळ! त्यांनी मागं वळून पाहिलं. हे बघायला निरीक्षक असायला हवे होते, सेक्रेटरी तर हवेच होते.

शीड उलट्या बाजूला ओढून बांधलं. मग मागं येऊन दोघांनी मिळून सुकाणू बांधलं. बोटीनं एकदा अंग झाडलं, विचारात पडल्यासारखी थांबली, आणि बसली. खरंच बसली हो! वारा तोच, लाटा त्याच, पण आता त्या बोटीखालून सावकाश निघून जात होत्या, आणि दोन शिडं नि एक सुकाणू आपापसांत भांडत तिला जागेवर धरून होती. किटलीसुद्धा कोपऱ्यात गप पडून राहिली.

मेट्रनबाईंनी थर्मास काढून चहा ओतला, एक कप त्यांच्यापुढं धरला. क्लेमसाहेबांनी तो एका घोटात अर्धा संपवला.

"घाबरलात?"

"खूप."

"मीही," त्या म्हणाल्या आणि घोट घेतला. "पण इथं बरं आहे. एवढं शांत असेल तर वादळातच निघत जाऊ." मग त्यांनी मान वर करून डोलकाठीकडे पाहिलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कपाळाला ती ओळखीची आठी पडली. "अहो."

"काय?"

"आणि वारा अगदीच पडला, तर?"

क्लेमसाहेबांना हसू आवरेना. "त्याला एक वेगळं शीड मिळतं. मोठ्ठं आणि पातळ, जराशा झुळुकीनं भरणारं. शिडवाल्याकडे बघून ठेवलंय मी. पण तो बाबा पुन्हा खाली बसवेल, आणि पुन्हा विचारेल, माणसं किती."

"मग त्यात काय?" मेट्रनबाई म्हणाल्या. "सांगायचं, दोन."